मुद्रा, निशाणी आणि नोंदवही : कुळाच्या शोधाची साधने

आपला मूळपुरुष कोण आणि तो कोणत्या गावाहून आला, हा प्रश्न एके काळी लग्नकार्य, श्राद्धपक्ष आणि वतनाचे तंटे यांपुरता मर्यादित होता. आता तो तहसील कचेरीच्या पायरीपर्यंत आलेला आहे. महाराष्ट्रात जातीचा दाखला मागणाऱ्यास पूर्वजांच्या जुन्या नोंदी दाखवाव्या लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे मानीव दिनांक ठरलेले आहेत. अर्जदाराचा पूर्वज त्या दिनांकापूर्वी कोठे राहत होता हे कागदाने सिद्ध करणे आणि अर्जदार त्या पूर्वजाचाच वंशज आहे हे वंशावळीने दाखविणे, अशी ही दुहेरी कसोटी असते. मुलाचा महाविद्यालयातील प्रवेश किंवा पंचायतीच्या राखीव जागेवरील सदस्यत्व पुष्कळदा शंभर वर्षांपूर्वी एखाद्या कोतवालाने लिहिलेल्या एका ओळीवर अवलंबून राहते.

गोव्यात याच प्रश्नाला वेगळे वळण लागले आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्या व्यक्ती आणि त्यांची मुले-नातवंडे पोर्तुगीज नागरिकत्वाचा दावा करू शकतात. त्यासाठी आजोबांच्या जन्माची नोंद अस्सल आणि बिनचूक असावी लागते. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नसल्यामुळे अशा नोंदीच्या आधारे घेतलेला निर्णय परतीचा मार्ग बंद करणारा ठरतो. अशा स्थितीत जुना कागद काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे गावपातळीवरील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना ठाऊक असणे अगत्याचे आहे.

युरोपातील दोन परंपरा

वंशशोधाचे आधुनिक शास्त्र युरोपात वाढले ते मुख्यतः दोन साधनांच्या आधारावर. पहिले साधन म्हणजे घराण्याचे ढालचिन्ह व ते कोरलेली मुद्रा. दुसरे म्हणजे चर्चच्या धर्मग्रामातील नोंदवह्या. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम काढला. दर रविवारी चर्चच्या कारभाऱ्यासमोर आठवड्याच्या नोंदी लिहावयाच्या आणि वही कुलूपबंद पेटीत ठेवावयाची, असा दंडक होता. पुढे १५९७ मध्ये या नोंदी चर्मपत्रावर उतरवून त्यांची नक्कल दरवर्षी बिशपकडे पाठविण्याची पद्धत सुरू झाली. मूळ वही जळाली वा कसरीने खाल्ली तरी नक्कल दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित राहावी, हा त्यातील हेतू. कॅथलिक देशांत ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाच्या आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले. पोर्तुगीज अमलातील गोवा व वसई या प्रदेशांना हा नियम त्यानंतर लागू झाला, आणि म्हणूनच ही युरोपीय पद्धत मराठी व कोंकणी मुलखाच्या दारात येऊन पोहोचली.

ढालचिन्हांची कथा याहून जुनी आहे. चिलखतातील योद्धा ओळखू यावा म्हणून ढालीवर रंगविलेली आकृती बाराव्या शतकात वंशपरंपरागत होऊ लागली आणि तीच मुद्रेवर कोरली जाऊ लागली. दस्तऐवजाला लाख वा मेण लावून त्यावर मुद्रा उठविली की सहीचे काम होई. इंग्लंडमध्ये १४८४ साली या चिन्हांची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्यांची संस्था स्थापन झाली. १५३० ते १६८८ या काळात हे अधिकारी परगण्या-परगण्यांतून दौरे काढीत, प्रत्येक घराण्याकडून वंशावळ लिहून घेत आणि अधिकार नसताना कोणी चिन्ह लावले असेल तर ते पुसून टाकीत. बापाच्या हयातीत थोरल्या मुलाच्या ढालीवर एक आडवी पट्टी, दुसऱ्या मुलाच्या ढालीवर चंद्रकोर, तिसऱ्याच्या ढालीवर तारा, असे भेद तेथे प्रचलित होते. त्यामुळे मुद्रा पाहून ती थोरल्या शाखेची की धाकट्या, हे जाणकारास सांगता येते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ढालचिन्ह आडनावाचे नसते. ते एका विशिष्ट व्यक्तीला मिळते आणि तिच्या वंशजांनाच लागू पडते. समान आडनावाच्या हजारो माणसांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसू शकतो. परदेशातील बाजारात आडनाव सांगताच रंगीत ढाल छापून देणारे दुकानदार आहेत. त्यांच्या कागदाला शोभेपलीकडे किंमत नाही. गोव्यातील व वसईतील कुटुंबांच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट बाळगावयास हवी, कारण तेथील आडनावांचा उगमच वेगळा आहे.

आडनाव परके, वांगड आपले

सोळाव्या व सतराव्या शतकांत गोवा, साष्टी, बारदेश आणि वसई या भागांत जे लोक ख्रिस्ती झाले त्यांना बाप्तिस्म्याच्या वेळी नवे नाव मिळाले आणि आडनाव मिळाले ते बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे. परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, आल्मेडा ही नावे पोर्तुगालमधील रक्तसंबंधाची खूण नव्हेत. पोर्तुगालमधील सिंत्रा येथील राजवाड्यात एका दालनाच्या छतावर बहात्तर उमराव घराण्यांची ढालचिन्हे रंगविलेली आहेत. त्यांतील एखादे नाव गोव्यातील घराच्या दारावर दिसले म्हणून ती ढाल त्या घराची होत नाही. एकाच बापाच्या दोन मुलांचे धर्मपिते वेगळे असल्यास त्यांची आडनावे वेगळी होणे शक्य होते. उलटपक्षी, एका दिवशी एकाच धर्मपित्याच्या साक्षीने बाप्तिस्मा घेतलेली, परस्परांशी काहीही नाते नसलेली माणसे एकाच आडनावाची झाली.

मग मूळ कुळापर्यंत जावयाचे कसे? गोव्यात त्याचे उत्तर गावकरीच्या दप्तरात आहे. गावची जमीन सामूहिक मालकीने बाळगणारी गावकरी ही संस्था पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वीची. आफोंसो मेशिया याने १५२६ साली गावकऱ्यांच्या रूढी व हक्क लेखनिविष्ट केले आणि पुढील राज्यकर्त्यांनी ही संस्था आपल्या कायद्यात सामावून घेतली. गावकरी निरनिराळ्या वांगडांत विभागलेले असत. वांगड म्हणजे एका मूळपुरुषाची शाखा. वयात आलेल्या पुरुष वंशजाचे नाव वांगडाखाली दाखल होई आणि मगच त्याला उत्पन्नातील वाटा, म्हणजे जोण, मिळे. पैशाचा प्रश्न असल्यामुळे खोटे नाव घुसविण्यास इतर वाटेकरीच हरकत घेत. धर्म बदलला, आडनाव बदलले, परंतु वांगड बदलले नाही. म्हणून चर्चची वही आणि गावकरीची वही शेजारी ठेवून वाचली तर आडनावाच्या पडद्यामागील कूळ दिसू लागते. मुली जोणच्या हक्कदार नसल्यामुळे त्यांची नावे मात्र गावकरीच्या वहीत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी चर्चच्या वहीवरच विसंबावे लागते.

वसईच्या पट्ट्यात गावकरीसारखे दप्तर नाही. १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेलेली वसई मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने घेतली. त्यानंतर बहुसंख्य युरोपीय पाद्री निघून गेले. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळासाठी सलग नोंदींची अपेक्षा धरता येत नाही. किल्ल्यातील पडक्या चर्चांच्या फरशीवर आजही ढालचिन्हे आणि लेख कोरलेल्या थडग्याच्या शिळा दिसतात. त्या तेथे राहणाऱ्या पोर्तुगीज कुटुंबांच्या आहेत. सामवेदी किंवा वाडवळ ख्रिस्ती कुटुंबांनी त्यांत आपला पूर्वज शोधू नये. मुंबई व साष्टी बेटांवर आणखी एक गुंतागुंत आहे. इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना मुंबईतून काढून चर्चची व्यवस्था कार्मेलाइट पंथीयांकडे दिली. १७९४ पासून काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपच्या आणि काही रोमने नेमलेल्या बिशपच्या अधिकाराखाली, अशी दुहेरी सत्ता चालली. ती १९२८ मध्ये संपली. त्यामुळे एकाच वाडीतील दोन भावांच्या मुलांच्या नोंदी दोन वेगळ्या चर्चमध्ये, आणि त्याही वेगळ्या भाषांत, आढळू शकतात. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला असला तरी जुन्या वह्या सामान्यतः त्या त्या चर्चमध्ये पाहाव्या लागतात व त्यासाठी धर्मगुरूंची परवानगी घ्यावी लागते.

बाप्तिस्म्याची एक ओळ कशी वाचावी

बाप्तिस्म्याच्या नोंदीत सामान्यतः बाप्तिस्म्याचा दिवस, बालकाचे नाव, आईबापांची नावे, त्यांचे गाव व वाडा, धर्मपिता व धर्ममाता आणि शेवटी पाद्र्याची सही असते. काही वह्यांत जन्मदिवस वेगळा दिलेला असतो, काहींत नसतो. बाप्तिस्मा जन्मानंतर काही दिवसांनी होत असल्यामुळे त्या तारखेलाच जन्मतारीख समजणे चूक आहे. धर्मपित्यांची नावे वाचणारे बहुधा सोडून देतात. ते मोठे नुकसान होय. धर्मपिता पुष्कळदा चुलता, मामा किंवा शेजारचा आप्त असतो. सात मुलांच्या सात नोंदींतील धर्मपित्यांची यादी केली तर कुटुंबाचे अर्धे गणगोत समोर येते.

त्याहून मोलाची असते ती विवाहाची नोंद. वधूवर नातेवाईक असतील तर विवाहास चर्चची खास सूट घ्यावी लागे आणि नात्याची पायरी नोंदीत लिहिली जाई. तिसऱ्या पायरीचे नाते म्हणजे दोघांचे पणजोबा एक. चौथ्या पायरीचे म्हणजे खापरपणजोबा एक. ज्या काळाची वही नष्ट झाली आहे त्या काळातील एक पूर्वज अशा एका शब्दाने निश्चित होतो. १९०७ च्या आदेशानंतर विवाह झाल्यावर त्याची खबर बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीच्या समासात लिहिण्याची पद्धत पडली. म्हणून विसाव्या शतकातील वह्या वाचताना समास प्रथम पाहावा, अशी जाणकारांची शिकवण आहे. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतर नोंदणी चर्चकडून सरकारी दप्तराकडे आली आणि गोव्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशा सर्वांचे जन्म व विवाह एकाच नागरी नोंदवहीत येऊ लागले. पणजी येथील पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ साली दिओगो दो कौतो यांच्या नेमणुकीपर्यंत मागे जाते.

इंग्रजी अमलातील ख्रिस्ती नोंदींची आणखी एक शाखा आहे. कंपनीच्या पाद्र्यांनी मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नकला १७०९ पासून लंडनला पाठविल्या. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत मुख्यतः युरोपीय व अँग्लो-इंडियन कुटुंबे येतात. अहमदनगर भागातील अमेरिकन मराठी मिशनसारख्या मंडळ्यांच्या वह्या यांहून निराळ्या असून त्या मंडळीच्या ताब्यात असतात.

दख्खनचा शिक्का आणि गावचा नांगर

महाराष्ट्राच्या घाटमाथ्यावर ढालचिन्हांची पद्धत नव्हती; पण मुद्रा होती, आणि त्याहून रंजक अशी निशाणी होती. मराठेशाहीतील पत्राच्या माथ्यावर वा समासात मुख्य शिक्का आणि अखेरीस मजकूर संपल्याची खूण म्हणून लहान शिक्का उठविला जाई. या अखेरच्या शिक्क्यानंतर कोणी ओळ वाढवू नये ही त्यातील युक्ती. 'मोर्तब' हा शब्द आज मंजुरी या अर्थाने वापरला जातो तो येथूनच आला. शिक्का शाईने कागदावर उठविला जाई. लाखेचा उपयोग पत्राची थैली बंद करण्यासाठी होई.

वंशशोधकाच्या दृष्टीने मुद्रेतील मजकुराचे महत्त्व असे की त्यात पुष्कळदा बापाचे किंवा धन्याचे नाव असते. शिवाजी महाराजांची संस्कृत मुद्रा अष्टकोनी असून तिच्यात ते शहाजीराजांचे पुत्र असल्याचा उल्लेख आहे. जिजाबाईंच्या फारसी मुद्रेत त्या शिवाजीराजांच्या मातोश्री असल्याचे म्हटले आहे. पेशव्यांच्या मुद्रेत प्रथम छत्रपतींचे नाव व मग पेशव्याचे नाव येते. म्हणजे ती वंश सांगत नाही, चाकरी सांगते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे शिक्क्यातील पहिले नाव पूर्वजाचे समजण्याची चूक होते. शिक्का अधिकाराचा असतो. तो ज्याच्या हाती, त्याचे रक्त तेच असेल असे नाही.

सामान्य कुटुंबाला राजमुद्रेपेक्षा गावच्या महजराचा उपयोग अधिक. वतनाचा तंटा निघाला की गोतसभा भरे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर तयार होई. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि खाली प्रत्येकाची निशाणी असे. पाटलाची निशाणी नांगर, कुळकर्ण्याची लेखणी, शेट्याची तागडी, सुताराचे किंकरे, चांभाराची आरी, परिटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. स्त्री पक्षकार असेल तर बांगडी. युरोपात खेड्यातील चांभाराला ढालचिन्ह मिळाले नसते. येथे मात्र गावसभेत बसलेल्या बलुतेदाराची खूण पाटलाच्या खुणेसोबत एकाच कागदावर उमटली आहे आणि तिच्याशेजारी त्याचे व त्याच्या बापाचे नाव आहे. बलुतेदार कुटुंबांच्या अठराव्या शतकातील पूर्वजांचा लेखी पुरावा हवा असेल तर तो अशा महजरांत शोधावा लागतो.

नांगराची निशाणी पाहून मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. पाटीलकी विकत घेता येत असे. अर्धी किंवा चौथाईही विकली जाई. खरेदीपत्रात मानपान वाटून घेतले जाई आणि कोणाचा नांगर वर, कोणाचा खाली, हेही ठरे. म्हणजे एका गावात एकाच निशाणीचे दोन निराळे वंश नांदू शकतात. पुढे दोघांचेही आडनाव पाटील पडले की घोटाळा पूर्ण होतो. ढालचिन्हाच्या बाबतीत जो धोका परेरा नावाला, तोच येथे पाटील, देशमुख, कुळकर्णी, चौगुले या नावांना. ही नावे कामाची आहेत, कुळाची नव्हेत.

वतनाच्या वादांतच 'करीना' हा दस्तऐवजाचा प्रकार सापडतो. त्यात पक्षकार आपल्या वतनाची हकीकत मूळपुरुषापासून सांगतो. सांगणारा आपल्या बाजूने सांगतो हे ध्यानात ठेवून, प्रतिपक्षाचा करीना मिळाल्यास दोन्ही ताडून पाहावे. ज्या पिढ्यांबद्दल दोघांचा वाद नाही त्या बहुधा खऱ्या असतात. इंग्रजी राज्यात १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनची चौकशी झाली तेव्हा इनामदारांना वंशावळी दाखल कराव्या लागल्या. जमिनी जाण्याच्या भीतीने त्या वेळी खोट्या सनदाही पुढे आल्या. म्हणून त्या काळी दाखल झालेली नक्कल मूळ कागदाशी पडताळून घ्यावी. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदारांची आणि त्यांच्या वारसांची नोंदपुस्तके तयार झाली. मुलकी पाटलांचे पद १ जानेवारी १९६३ पासून संपुष्टात आले असले तरी ती पुस्तके वंशशोधासाठी उपयुक्त राहिली आहेत.

पुण्यातील पेशवे दप्तरात सुमारे ३९ हजार रुमाल असून त्यांतील बहुतांश कागद मोडीत आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड निघाले. एवढा मोठा उद्योग होऊनही तो एकंदर साठ्याचा अल्प अंशच ठरतो. १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि कोल्हापूरचे पुरालेखागार येथेही खाजगी घराण्यांची दप्तरे आहेत.

नावे आणि सन

जुन्या कागदातील नाव आजच्या नावासारखे वाचता येत नाही. 'नारो त्रिंबक' म्हणजे त्रिंबकाचा मुलगा नारो. 'मालोजी बिन संताजी' यात 'बिन' म्हणजे पुत्र. काही कागदांत त्याऐवजी 'वलद' येतो. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या रूढीमुळे एका घराण्यात त्रिंबक नारो व नारो त्रिंबक अशी जोडी पिढ्यानुपिढ्या चालते आणि तारखेवाचून त्यांतील कोण कोणता हे कळत नाही. तारखाही निरनिराळ्या सनांत. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की साधारणपणे इसवी सन येतो, सुहूर सनात ५९९ वा ६००, तर दक्षिणी फसलीत ५९० वा ५९१. सुहूर वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होते व ते अरबी शब्दांत लिहिले जाते. 'समान सबैन मया व अलफ' म्हणजे आठ, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७८. इसवी सन १७७७-७८. 'सबा' म्हणजे सात आणि 'सबैन' म्हणजे सत्तर. घाईत वाचणाऱ्याच्या हातून येथे अनेक पिढ्या पुढेमागे झाल्या आहेत.

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हे आणखी एक साधन आहे. यात्रेकरू तेथे गाव, आडनाव व आपल्यासोबतच्या आणि मागील पिढ्यांतील आप्तांची नावे लिहून देत असे, पुष्कळदा स्वहस्ते. अशी नोंद वर्षानुवर्षांच्या अंतराने होत गेल्यामुळे एका कुटुंबाच्या चार-पाच पिढ्यांची साखळी सहज जुळते. कोल्हापूर, सांगली व सीमाभागात हेळवी लोक गावोगाव फिरून यजमानांची वंशावळ वाचून दाखवीत.

गावच्या दप्तराची कसोटी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खरा आधार मिळतो तो महसुली व शालेय नोंदींचा. जन्ममृत्यूची नोंद असलेला गाव नमुना १४ आणि कोतवाल बुक यांत घरातील प्रमुखाचे नाव व जात असे. पाहणीपत्रक, कडईपत्रक, कुळ नोंदवही यांत जमिनीच्या अनुषंगाने नावे येतात. मराठवाड्यातील निजामकालीन नोंदी तपासण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर ही नावे घरोघर झाली आणि वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे उघडली गेली. त्या वेळी मोडी व उर्दू वाचणाऱ्यांचा तुटवडा सर्वत्र जाणवला.

शाळेचे जनरल रजिस्टर हे शिक्षकांच्या ताब्यातील दप्तर. त्यातील जन्मतारखांकडे सावधपणे पाहिले पाहिजे. जुन्या पटावर १ जून ही तारीख इतक्या मुलांच्या नावापुढे आढळते की ती गुरुजींच्या सोयीची तारीख होती हे उघड आहे. वयाचा तो पुरावा दुबळा असला तरी बापाचे नाव, गाव व जात यांबाबत तीच नोंद पुष्कळदा सर्वांत भक्कम ठरते. कारण ती लिहिली गेली तेव्हा तिच्यावर कोणाचाही लाभ अवलंबून नव्हता. सर्व जुन्या कागदांना लावण्याजोगी ही कसोटी आहे: नोंद कोणी केली, कशासाठी केली, आणि ती खोटी लिहिण्यात कोणाचा फायदा होता?

वंशावळ तयार करताना आजच्या पिढीपासून मागे जावे. मुलाचा दाखला, मग बापाचा, मग आजोबाचा, अशी प्रत्येक पायरी एका कागदाने बांधीत जावी. प्रसिद्ध पुरुषापासून सुरुवात करून खाली येणारी वंशावळ बहुधा मध्येच तुटते आणि तेथे कल्पनेने टाका घातला जातो. दोन पिढ्यांमधील अंतर पंधरा वर्षांपेक्षा कमी किंवा साठ वर्षांपेक्षा अधिक निघाले तर एखादे नाव चुकले किंवा गळले आहे असे समजून पुन्हा तपासणी करावी. नावातील अक्षराचा फरक दिसल्यास मूळ नोंदीत दुरुस्ती करू नये. स्वतंत्र टिपण ठेवावे. खाडाखोड झालेली अस्सल नोंद पडताळणी समितीपुढे संशयास्पद ठरते आणि खऱ्या अर्जदाराचे नुकसान होते.

ज्यांच्याजवळ यांपैकी काहीच नाही अशा कुटुंबांचा विचार वेगळा करावा लागतो. भटक्या जमातींची माणसे गावच्या वहीत क्वचितच नोंदली गेली. भूमिहीनांची नावे पाहणीपत्रकात येण्याचे कारण नव्हते. लग्न होऊन आलेल्या स्त्रीचे माहेर बहुतेक नोंदींत नाही. त्यांच्यासाठी जनगणनेच्या, तुरुंगाच्या, स्थानिक यात्रेच्या, दवाखान्याच्या नोंदी आणि वृद्धांच्या साक्षी यांचा शोध घ्यावा लागतो. मॉरिशसमधील मराठी भाषकांचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १८३४ पासून तेथे गेलेल्या हिंदी मजुरांची नोंद बंदरावरच होई: क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव व जहाज. १८६० नंतरच्या काळात छायाचित्रेही काढली गेली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ही दप्तरे जतन केली आहेत. मुंबई बंदरातून गेलेल्या एखाद्या कोकणी मजुराचा वंशज आपल्या पूर्वजाचे गाव तेथून शोधू शकतो. त्याच मजुराच्या गावी राहिलेल्या भावाची नोंद मात्र कोणत्याही वहीत नसण्याचा संभव असतो.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ अन्वये ग्रामपंचायतीत ठेवल्या जाणाऱ्या नोंदींना १ ऑक्टोबर २०२३ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने अधिक महत्त्व आले आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा जन्मतारीख व जन्मस्थान यांचा पुरावा म्हणून धरला जातो. जुन्या वह्यांसाठी मात्र साध्या खबरदाऱ्याच उपयोगी पडतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये; तिचा डिंक काही वर्षांत अक्षर खातो. पानावर प्लास्टिकचे आवरण चढवू नये. वही जमिनीपासून उंच, कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवावी. वाचताना शाईचे पेन जवळ ठेवू नये, पेन्सिल वापरावी. छायाप्रत काढण्याऐवजी वरून छायाचित्र घ्यावे, म्हणजे शिवण उसवत नाही. प्रत्येक वहीची सूची करून तिची एक प्रत तहसील कचेरीत द्यावी; त्यात वहीचे नाव, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, लिपी कोणती आणि किती पाने गहाळ, एवढा तपशील असला तरी पुरे. गहाळ पानांचा आकडा लिहिण्यास पुष्कळ ठिकाणी संकोच केला जातो. तो लिहिला नाही तर पुढच्या वेळी गेलेले पान पूर्वीच गेले होते की नुकतेच, हे कोणालाही सांगता येत नाही.